आधी तिथी, मग तिकीट: नाशिकहून ठाणे खाडीच्या कांदळवनात

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, नाशिककरांना नवे नाहीत. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या धरणावर जायचं, चापडगावच्या बाजूने मनोऱ्यावर चढायचं, दुर्बीण लावायची. आले असतील तर दिसतात, नसतील तर चित्रबलाक, कुदळे, बदकं पाहून परत यायचं. पहाटे पोचलं की काम झालं. हाच हिशोब घेऊन लोक ठाणे खाडीला जातात आणि दुपारी बाराला काठोकाठ भरलेल्या, पक्षी नसलेल्या पाण्याकडे बघत बसतात. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तासातासाला हलत नाही. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं, आणि पक्षी त्याच्यामागे फिरतात. म्हणून नाशिकहून गट न्यायचा असेल तर आम्ही आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढतो. सुट्टी कधी आहे हे नंतर.

कोकणातला जुना आडाखा असा: त्या दिवशीची तिथी घ्या, शुद्ध असो वा वद्य, आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला भरती आणि सव्वासहा तास आधी, साडेनऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. चतुर्दशी असेल तर साडेदहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. दुसरी भरती रात्री साधारण त्याच वेळेला. रोज भरती पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. आडाखा मुंबई बंदराजवळ बरा जमतो, पण अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत, पक्षी पाहायच्या बोटी जिथून सुटतात त्या ऐरोलीपर्यंत, पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. त्यामुळे दिवस ठरवायला तिथी, आणि मिनिटं ठरवायला भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक.

आता यात नाशिककरांची अडचण काय, तर आपण दीडशे किलोमीटरवरून येणार. सकाळी नऊच्या आत ऐरोलीत पोचणं अवघड, संध्याकाळी सहाच्या पुढे थांबणं निरर्थक. या खिडकीत बसणाऱ्या तिथी दोनच प्रकारच्या. गाडीने जाणार असाल तर द्वादशी ते चतुर्दशी: भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, दुपारभर पाणी उतरत जातं, चारच्या सुमाराला चिखल उघडा. ट्रेनने जाणार असाल तर पंचमी-षष्ठी: पोचताना ओहोटी, दुपारी पाणी चढतं. अष्टमी-नवमीला ऐन दुपारी ओहोटी असते, तेव्हा बोटीला पाणी पुरत नाही. पौर्णिमा-अमावास्या अगदीच वाईट नाही, पण मग बोट दीड-दोननंतरची हवी. सुट्टीच्या दिवशी पौर्णिमा आली की गर्दी बाराच्या बोटीलाच होते, का कोण जाणे.

उधाण आणि भांग यातला फरकही इथेच सांगून टाकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा मुंबईला भरतीचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते साधारण साडेतीनच्या घरात राहतं आणि ओहोटीही अर्धवट होते. मीटर-दीड मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण खाडीचा काठ ताटासारखा सपाट, तिथे पाणी एवढंसं उतरलं तरी शेकडो मीटर चिखल उघडा पडतो.

आणि पाणी एकसारखं उतरत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात ते हललं असं वाटतही नाही. दुसऱ्यात थोडं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी निघून जातं. मग पुन्हा मंद. रोहित पक्षी पाहायची वेळ म्हणजे दुसऱ्या तासाचा शेवट ते तिसऱ्याचा मध्य: चिखलाच्या पट्ट्या वर यायला लागलेल्या असतात, पक्षी नवी मुंबईच्या पाणथळींवरून थव्याने परतून त्यांवर उतरत असतात, आणि बोटीखाली अजून पाणी असतं. तासभर आधी गेलात तर पक्षी नाहीत, तासभर उशीर झाला तर बोट नाही. बोटीच्या वेळा म्हणूनच रोज वेगळ्या असतात.

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र राज्याच्या वनखात्याच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाचं आहे. बोटीचं आरक्षण ऑनलाइन होतं. त्या दिवसाच्या फेऱ्यांच्या वेळा समोर आल्या की आपलं गणित त्यांच्याशेजारी ठेवायचं आणि भरतीनंतर सर्वांत उशिराची, किंवा चढत्या पाण्यात सर्वांत आधीची, फेरी घ्यायची. शनिवार-रविवारच्या जागा जानेवारी ते मार्चमध्ये पटापट जातात. सोमवारी केंद्र बंद, आणि दुसऱ्या दिवशी बोरिवलीचं जंगल करायचं असेल तर तेही सोमवारी बंद, म्हणून रविवार-सोमवार असा बेत आखू नका. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत असतात, पण एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या माणसाला तिथला दमटपणा सोसत नाही. आमच्या मते फेब्रुवारी उत्तम.

निघण्याची वेळ. गाडीने पहाटे पाचला नाशिक सोडायचं. मिसळ खाऊन निघू, हा बेत दरवेळी कुणीतरी मांडतं. मिसळीची दुकानं उघडेपर्यंत थांबलं तर उशीर होतो, तेव्हा पोहे-चपात्या डब्यात घ्या. इगतपुरीपर्यंत मुंबई-आग्रा महामार्ग. तिथून दोन रस्ते. एक जुना: कसारा घाट उतरून शहापूर, पडघा, भिवंडी, ठाणे. किंवा इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढून आमणेला उतरायचं. हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, घाटाऐवजी सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, आणि वेळ चांगला वाचतो. टोल भरावा लागतो, दुचाकीला बंदी आहे. पण दोन्ही रस्ते शेवटी भिवंडीजवळ एकत्र येतात आणि खरी कोंडी तिथून ठाण्यातल्या माजिवड्यापर्यंतच असते. भिवंडी साडेसातच्या आत ओलांडली तर साडेआठला ऐरोली. आठ वाजले तर दीड तास जास्त धरा. बोट चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हाच पट्टा, आणि चुकलेली बोट थांबवता येत नाही, कारण ती माणसांसाठी नाही, पाण्यासाठी सुटते.

ट्रेनने सोपं. नाशिक रोडहून सातच्या सुमाराची पंचवटी, ठाण्याला उतरायचं, तिथून ट्रान्स हार्बर मार्गाची वाशी किंवा पनवेल लोकल, ऐरोली स्टेशन, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला केंद्राचं लांबलचक नाव सांगू नका, ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हणा. पंचवटीत पासधारकांच्या डब्यात चढू नका, एवढं नव्या माणसाला सांगून ठेवा. परतीला हीच गाडी संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, ती ठाण्याला पकडायची.

सामान थोडं. ८×४२ ची दुर्बीण; १० पट असेल तर बोटीत हात आणि बोट दोन्ही हलतात आणि पक्षी जागेवर राहत नाही. पायात जुने, पट्ट्याने किंवा नाडीने बांधलेले बूट. चप्पल घातली तर पाय निघतो आणि चप्पल चिखलातच राहते. पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, टोपी, माणशी दोन लिटर पाणी. डासांचं मलम लावा, पण तळव्यांना नको. ते दुर्बिणीच्या रबराला लागलं की रबर चिकट होतं. आणि स्वेटर. पहाटे नाशकात तो लागतोच, शहापूरला ओझं होतो.

द्वादशी-चतुर्दशीच्या दिवशी क्रम असा: आधी बोट, मग जेवण, मग कांदळवनातली फळ्यांची पायवाट. पंचमी-षष्ठीला उलटा: पोचल्या पोचल्या पायवाट, नंतर बोट. कारण भरतीत पायवाटेखाली नुसतं गढूळ पाणी आणि वर झाडांचे शेंडे. पाहण्यासारखं सगळं तळाशी असतं.

बोटीआधी स्वच्छतागृहात जाऊन या. तासाभराहून जास्त वेळ बोटीत ती सोय नाही. लाइफ जॅकेट आधी घाला, कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्यावरून गळ्यात, बॅग मांडीवर. लहान मुलांचं जॅकेट वेगळं मागून घ्या; मोठ्यांचं जॅकेट घालून मूल पाण्यात पडलं तर ते खालून निसटतं. जागा कुठली धरायची याला उत्तर आहे. बोट ऐरोलीहून दक्षिणेला, वाशीच्या दिशेला जाते. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणून उजव्या हाताला बसा, पक्ष्यांवर पुढून उजेड पडतो. दुपारी डावीकडे. परतताना हे उलटं होतं, पण तोवर सगळे उभे राहिलेले असतात.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा ६ ऑगस्ट २०१५ ची. क्षेत्र १६.९०५ चौरस किलोमीटर, त्यातलं जवळपास ९०० हेक्टर कांदळवन, बाकी पाणी आणि चिखल. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, मग लोणार, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी तिसरी. खाडीत शिरल्यावर मात्र ‘अभयारण्य’ शब्दाने मनात येतं तसं काही दिसत नाही. दोन्ही काठांवर इमारती, डोक्यावरून विजेच्या उच्चदाबाच्या तारा, मागे पूल. आणि मध्ये, चिखलाच्या कडेने, गुलाबी रेघ.

रेघ जवळ आली की आधी उंची बघा. मोठा रोहित चार फुटांहून उंच, अंगाने फिका, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित तीन फुटांच्या आत, रंग गडद, चोच इतकी गडद लाल की लांबून काळीच दिसते. इथे गर्दी असते ती लहान रोहितांची. मध्ये मळकट राखाडी पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, पिल्लं आहेत. रंग खाण्यातून चढतो, त्याला काही वर्षं लागतात. लहान रोहित चोच उलटी करून चिखलावरच्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. शेवाळ एवढं का वाढतं, तर शहराचं सांडपाणी खत होऊन खाडीत येतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरातलं ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबई पिते, आणि त्यातलं काही वापरून झाल्यावर इथे पोचतं. सांडपाणी चांगलं, असा याचा अर्थ काढू नये. एका मर्यादेपलीकडे पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग मासे उरत नाहीत.

रोहितांवरच डोळे लावून बसलात तर बाकीचे सुटतात. वर वाकलेल्या चोचीचा उचाट्या, लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या, खाली वाकलेल्या लांब चोचीचा कोरल, चिखलावर धावपळ करणारे चिखले, टिलवे आणि तुतवार, बोटीमागे कुरव. बोट थांबली की तांडेल इंजिन बंद करतो. तेव्हा बोलू नका, उभे राहू नका. थव्याच्या माना एकदम वर झाल्या की समजा आपण फार जवळ आलो. मग आणखी पुढे घ्या म्हणून आग्रह धरू नये. उडाले तर फोटो छान येतो, पण त्यांचे खायचे तास मोजके असतात आणि ते पाण्यानेच मोजून दिलेले असतात. फोटोसाठी शटर सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा वेगवान ठेवा. दुपारी बारा ते दोन चिखलावरून वाफ उठते, तेव्हा कितीही भारी लेन्स असली तरी चित्र थरथरतं.

आता पायवाट, आणि आम्हाला विचाराल तर दिवसातला उत्तम भाग हाच.

पहिली गोष्ट वास. ओहोटीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि नाकाला रुमाल लावून लोक ‘गटार’ म्हणतात. गटाराचा वाटा थोडा आहेच, पण स्वच्छ कांदळवनातही हा वास असतो. चिखलाचे कण इतके बारीक की बोटभर खाली हवा पोचत नाही, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. वरचा थर तपकिरी, खालचा काळा. बूट रुतला की काळा चिखल वर येतो, तो त्याच थरातला.

मुळांना श्वास घ्यायला खाली हवा नाही, म्हणून ती वर येतात. इथे बहुतेक झाडं तिवरीची. तिच्याभोवती पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी श्वसनमुळं दिसतात, वीतभर उंच, हजारोंनी. त्यांवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीत तिथून हवा आत जाते. मूळ जाड, खाली रुंद आणि वर निमुळतं, शंकूसारखं असेल तर वरचं झाड चिप्पीचं. तिच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरवलं. कमानीसारख्या फाकलेल्या आधारमुळांचा कांदळ, जो सगळ्या चित्रांत असतो, तो ठाणे खाडीत फारसा भेटत नाही. त्याच्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्ग गाठायला हवं. कडेला काटेरी पानांचं, निळसर फुलांचं झुडूप दिसलं तर ती मारांडी.

तिवरीचं एक जून पान उन्हात तिरकं धरा. वरच्या बाजूला साखर भुरभुरल्यासारखे कण चमकतात. पान तोडायचं नाही, तिथेच बोट फिरवून जिभेला लावा: मीठ. तिवर मीठ आत घेते आणि पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच गाळतो. पावसाळ्यात गेलात तर हे कण धुऊन गेलेले असतात. मात्र ओळख पटल्याशिवाय कुठल्याही पानाला हात लावू नका. गेवा नावाच्या खारफुटीचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची आग होते, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. फांदी मोडल्यावर दूध आलं की मागे सरा, हा साधा नियम.

मग उभं राहायचं. म्हणजे खरोखर, पाच मिनिटं, न हलता. फळीवर पाऊल पडलं की त्याची थरथर चिखलात पोचते आणि सगळं गायब होतं. लोक चालत जातात, ‘इथे काहीच नाही’ म्हणतात आणि बाहेर पडतात. तीनेक मिनिटांनी बिळांच्या तोंडाशी हालचाल सुरू होते. आधी बारके खेकडे. नराचा एक पंजा जवळजवळ त्याच्या अंगाएवढा, दुसरा चिमटीएवढा. लहान पंजाने चिखल उचलून तोंडात, त्यातलं खाद्य चाळून उरलेल्याची मोहरीएवढी गोळी करून बाजूला. बिळाभोवती अशा गोळ्यांची रांगोळी पडलेली असते, भरती आली की पुसली जाते. मोठा पंजा खायच्या कामाचा नाही. तो हलवून मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नराला हाकलायचं.

नंतर निवटी. चिखलाच्याच रंगाचा, वीतभराच्या आतला मासा, डोळे कपाळावर उचलून ठेवलेले. पुढच्या परांवर जोर देऊन तो लंगडत पुढे सरकतो, मध्येच अख्खा उडी मारतो. कल्ल्यांच्या पिशवीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून अंग सुकू द्यायचं नाही: थोड्या थोड्या वेळाने डबक्यात कूस बदलतो, लोळतो. डोळे सुकले की एकेक करून खाली खोबणीत ओढून घेतो, ओले करतो, पुन्हा वर. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडतात. कोळीवाड्यात निवट्यांचं कालवण होतं, त्यामुळे पाहताना गटातल्या निम्म्यांना कौतुक आणि निम्म्यांना भूक. संध्याकाळ झाली की कोल्हाही चिखलाच्या कडेने खेकडे शोधत फिरतो. तो दिसलाच तर नशीब, पायाचे ठसे मात्र पाहून ठेवा.

मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पाहून लोक पर्यटकांना नावं ठेवतात. त्या भरतीने आणलेल्या असतात, नाल्यांतून. नुसता दिसण्याचा प्रश्न नाही: पिशवी श्वसनमुळांवर गुंडाळली गेली की छिद्रं बंद होतात, आणि अशा पिशव्यांचा थर बसला की झाड उभ्याउभ्या गुदमरतं. उत्साहाच्या भरात त्या ओढून काढू नका. मुळं ठिसूळ असतात, पिशवीबरोबर तुटतात. सफाईच्या मोहिमेत काम करणारे ती कापून सोडवतात.

गोदावरीचं दुसरं टोकही असंच आहे, हे इथे उभं असताना आठवतं. ब्रह्मगिरीवर निघालेली धार आंध्रात काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या कांदळवनातून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिककर म्हणून खारफुटीशी आपलं नातं खरं तर तिकडचं.

दुसरा दिवस जंगलाचा. ठाण्यात मुक्काम करून सकाळी घोडबंदर रस्त्याने बोरिवली, साडेसातला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं दार. सुमारे १०३ चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळ्या बाजूंनी शहर. इथे तिथी बघावी लागत नाही, फक्त ऊन बघावं लागतं: दहानंतर पक्षी गप्प. आम्ही दारापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता वाहनाने जातो आणि चालणं वरच्या भागासाठी राखून ठेवतो, कारण खालचा भाग सकाळी फिरायला येणाऱ्यांनी भरलेला असतो.

फेब्रुवारीत सागाची पानं गळलेली असतात. हिरवंगार पावसाळी जंगल मनात धरून आलेल्यांचा इथे हिरमोड होतो, पण पानगळ ही अडचण नसून सोय आहे. काटेसावर आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर फुललेले असतात, मैना, बुलबुल, कोतवाल, तांबट त्यांवर तुटून पडतात, आणि मध्ये पान नसल्याने सगळं उघड दिसतं. एका फुललेल्या सावरीखाली अर्धा तास थांबलात तर चालून दिसणार नाहीत तेवढे पक्षी दिसतात. सालीचे पापुद्रे सुटलेला, पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ उतारावर लांबूनही ओळखू येतो. ओढ्याच्या कडेला मात्र आंबा, जांभूळ, करंज हिरवे राहतात. दहानंतर पक्षी तिकडे सरकतात, तुम्हीही सरका. उतारावर कारवीच्या वाळक्या काठ्या दिसतील. ती २०२४ च्या पावसाळ्यात फुलली, आठ वर्षांचं चक्र, म्हणजे पुढचा बहर २०३२ चा.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी. पांडवलेणी पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं बरंच सापडतं: तेच सातवाहन काळातले लेख, तशीच कातळातली पाण्याची टाकी, आणि यज्ञश्री सातकर्णीचं नाव दोन्हीकडे. डोंगरउतारावर खोदलेल्या पन्हळींतून पाणी टाक्यांत कसं उतरवलंय ते नीट बघा. माकडांसमोर खाऊची पिशवी काढू नका. बिबट्याचं जंगल आहे, ठरलेल्या वाटा सोडून आत जायचं नाही, लहान मुलांना मागे एकटं सोडायचं नाही, अंधाराआधी बाहेर.

खाडी आणि जंगल एकाच जागी हवं असेल तर उद्यानाचं उत्तरेचं टोक आहे. घोडबंदर रस्त्यापलीकडचा नागला भाग वसई खाडीला टेकतो. तिथे चढावर साग-ऐन आणि उताराच्या पायथ्याशी तिवर, मध्ये दहा-वीस पावलांचं अंतर. कोरड्या पाचोळ्याची करकर ऐकत उतरायचं आणि अचानक बुटाखाली चिखल. वनखात्याची परवानगी आधी घेऊनच जायचं, आणि तिथे जाताना पुन्हा भरतीचं कोष्टक खिशात हवं.

परतीच्या आधी दोन कामं ठाण्यातच उरका. दुर्बीण आणि कॅमेरा ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. खारी हवा बसलेली तशीच नाशिकच्या कोरड्या हवेत नेली की सांध्यांत मिठाचे कण राहतात आणि फोकसचं चाक करकरायला लागतं. आणि बूट धुवा. खाडीचा चिखल सुकला की सिमेंटसारखा होतो, आणि ओला राहिला तर डिकीतला वास इगतपुरीपर्यंत खिडक्या उघड्या ठेवायला लावतो. बूट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत.